फक्कीनं आखलेली घरं

त्यांना कोणी नमस्कार केला की ते आधी मागं वळून बघायचे. मागं दुसरं कोणी नाही अशी खात्री झाली की नमस्कार करणाऱ्याला नीट न्याहाळायचे आणि मगच हात जोडायचे. लग्न होऊन मी जिनिंगच्या लाईनीत राहायला आले तेव्हा सासूबाईंनी मला त्यांच्या पाया पडायला नेलं. मी वाकले. आशीर्वाद द्यायचं सोडून ते सासूबाईंना म्हणाले, “सूनबाई टायपिंग शिकलेली हाय म्हणता. कशावरून?”

सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही. नव्या नवरीला भर दारात परीक्षेला बसवणारा हा म्हातारा त्या दिवशी माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. आता ते नाहीत, तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा तोच राग आठवतो.

“कशावरून?” हा त्यांचा शब्द. ऊन फार आहे म्हटलं, कशावरून. दूध ताजं आहे, कशावरून. शेजारची एक सासू सुनेला दिवस गेल्याचे पेढे वाटत आली, तर पेढा हातात धरून ह्या म्हाताऱ्यानं तिलाही तेच विचारलं. ती बाई दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट पेढा त्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्ला, रात्रभर मुंग्या लागल्या की नाही ते बघून.

ते मोजणी खात्यातून रिटायर झाले होते. सगळी नोकरी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. “सख्खे दोन भाऊ एका धुऱ्यावर उभे राहतेत आन दोन वेगळे धुरे दाखवतेत,” असं ते म्हणायचे. त्यामुळं लाईनीत सगळे त्यांना मोजणीवाले काका म्हणत. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीत चोरण्यासारखं काय, तर एक खाट, एक ट्रंक आणि स्टोव्ह. दाराला कुलपं मात्र दोन. कुलूप लावून दहा पावलं जायचे, परत येऊन ओढून बघायचे, पुन्हा दहा पावलं जायचे. त्यांना बाजारात जायचं असलं की आम्ही म्हणायचो, काका आता निघालेत म्हणजे अर्ध्या तासानं निघतील.

बाजारात पिशवीत अर्धा किलोचं लोखंडी माप घेऊन जात. भाजीवालीचं माप बाजूला सारून आपलं माप पारड्यात टाकत. वर्तमानपत्र ते आमच्याकडून नेत, पण कालचं. आजचं दिलं तर म्हणत, “ऱ्हाऊ द्या, एक दिवस शिळं होऊ द्या. उद्या तेच लोक त्याच्या उलटं छापतेत.” लाईनीचा व्हॉट्सॅप ग्रुप झाला तेव्हा ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन ग्रुपवरच्या मेसेजच्या प्रिंट काढून न्यायला लागले. कोण काय बोललं ते नंतर पुसता येतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ‘शुभ सकाळ’च्या फुलांच्या चित्रांच्यासुद्धा प्रिंट काढायला लावल्या. मी म्हटलं, काका, ह्याचं काय करता? म्हणाले, “ह्यानं शुभ सकाळ म्हणलं होतं, हे मला दाखवता यायला पाह्यजे.”

आणि हेच काका माझ्या मुलीची आठवीची गुणपत्रिका बघून उठले, कागदावर बेरीज केली, अकरा गुण कमी लागलेत म्हणून शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांसमोर खुर्ची ओढून तीन तास बसून राहिले. गुण वाढून आले. मुलगी नाचली. मी मात्र मनात म्हटलं, ह्या माणसानं पत्रिका बघितलीच कशाला? आपल्या मुलीवर विश्वास नव्हता म्हणूनच ना?

अशी मी. संशयाचा रोग एका माणसापुरता राहत नाही, शेजाऱ्याला लागतोच.

जिनिंगची लाईन म्हणजे मस्तगडाच्या मागच्या अंगाला ओळीनं बांधलेल्या चोवीस खोल्या. कापसाचं जिनिंग चालू होतं तेव्हा कामगारांसाठी बांधलेल्या, वर मातीचं माळवद. जिनिंग बंद पडलं, कामगार म्हातारे झाले, पण खोल्या सोडून कोणी गेलं नाही. तेवढ्या भाड्यात जालन्यात दुसरीकडं गोठासुद्धा मिळाला नसता. एका पावसाळ्यात दोन खोल्यांची माळवदं बसली. माणसं वाचली ती केवळ स्वयंपाकाची वेळ होती आणि सगळे बाहेरच्या चुलीपाशी होते म्हणून. त्यानंतर सहा महिन्यांत जिनिंगच्या वारसांनी सगळी जागा एका बिल्डरला विकल्याचं कळलं.

बिल्डरला आम्ही शेठ म्हणायचो. माणूस गोड. पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाला, “तुम्हाला बेघर करून मला पाप घ्यायचं नाही. बायपासच्या पलीकडं माझी स्कीम आहे, तिथं सगळ्यांना घरं देतो.” बायपासच्या पलीकडं म्हणजे रिक्षावालाही जायला तयार होत नाही तिथं. शाळा, दवाखाना, धुणीभांड्यांची कामं, माझं झेरॉक्सचं दुकान, सगळं इकडं. आम्ही म्हटलं, घरं इथंच पाहिजेत आणि आम्हाला झेपेल अशा हप्त्यात पाहिजेत. भाडेकरूंच्या संमतीशिवाय त्यालाही जागा मोकळी मिळत नव्हती. मग बोलणी सुरू झाली. आमच्या बाजूनं बोलणारी पाचजणांची कमिटी झाली, त्यात काका होते, आणि कागदपत्रांतलं कळतं म्हणून मी.

आमच्याकडं अशा बोलण्यांत एक रीत आहे. समोरच्याचा चहा प्यायला की माणूस फुटला असं धरतात. मग चहा साधा असो की इलायचीचा. त्यामुळं शेठकडं बैठकीला जायचं म्हणजे सगळे घशाला कोरड पडेपर्यंत बसत आणि बाहेर पडून टपरीवर पीत. काका तर पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं न्यायचे. एकदा शेठनं राजूरच्या गणपतीचा प्रसाद वाटला आणि म्हणाला, “गणपतीसमोर सांगून आलोय, एकालाही फसवणार नाही.” काकांनी प्रसादाची पुडी कपाळाला लावली, न सोडता खिशात ठेवली.

“गणपती खरा हाय,” ते म्हणाले. “पण सही त्याची न्हाई लागत शेठ, तुमची लागती.”

शेठ हसला. त्याला हसता यायचं, हेच मला त्याचं आवडायचं आणि त्याचीच भीती वाटायची.

बरीच ओढाताण होऊन शेठ इथंच मागच्या बाजूला चार मजली इमारत बांधायला तयार झाला. पुढं रस्त्यावर त्याची दुकानं आणि मोठे फ्लॅट, मागं आमची चोवीस घरं. त्यानं घराचं मोठं रंगीत चित्र फ्लेक्सवर छापून आणलं. सोफा, काचेचा टीपॉय, खिडकीत फुलदाणी, आणि हातात पुस्तक घेतलेली एक गोरी बाई. लाईनीतल्या बायका बघतच राहिल्या. मीही बघत राहिले, खोटं कशाला बोलू. काका चित्राच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर करून बारकाईनं शोधायला लागले.

“काय हुडकताय काका?” शेठनं विचारलं.

“हिच्या घरात पाण्याचा ड्रम कुठंय?”

आमच्याकडं नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं. ज्या घरात तीन ड्रम नाहीत त्या घरात कोणी मुलगी देत नाही. शेठ म्हणाला, वर मोठी टाकी बांधतोय. काका म्हणाले, “टाकी बांधाल, बराबर. तिच्यात पाणी कोण आणून टाकणार हाय?”

पुढच्या रविवारी काकांनी जे केलं ते लाईनीतलं कोणी विसरणार नाही. कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की दोन पोती आणली, खांद्यावर मोजणीची फीत टाकली आणि जिनिंगच्या मोकळ्या पटांगणात शेठच्या नकाशाबरहुकूम एक अख्खं घर आखलं. भिंतींच्या रेघा, दारांच्या जागा मोकळ्या, मोरी, ओटा, सगळं. तीन तास उन्हात वाकून. आणि मग आमच्या दारात येऊन म्हणाले, “चला सूनबाई, सामान काढा. आज तुम्ही नव्या घरात राहायला जाऊन राह्यल्या.”

माझ्या नवऱ्यानं आणि शेजाऱ्यांनी खाट, कपाट, फ्रिज, धान्याची कोठी आणि तीन रिकामे ड्रम उचलून त्या रेघांमध्ये नेऊन ठेवले. लाईन सगळी बघायला गोळा झाली. एकजण घाईत रेघ ओलांडून आत आला तर काका ओरडले, “अरे, भिंतीतून कोण येऊन राह्यलं! दारातून ये!” तो बिचारा परत फिरून दारातून आला. सासूबाईंना खाटेवर बसवलं. त्या इकडंतिकडं बघून म्हणाल्या, “आन मला मोरीत जायचं असलं तं?” जायला वाटच नव्हती. खाट आणि ड्रमच्या मधून आडवं होऊन जावं लागत होतं, आणि सासूबाई आडव्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात शेठची गाडी आली. कुणीतरी कळवलं असणार. काकांनी त्याला बाहेरच थांबवलं, म्हणाले, दारातून या. शेठ दारातून आत आला, दोन पावलं चालला आणि कपाट नि कोठीच्या मध्ये अडकला. वळता येईना, मागं सरावं लागलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काका हसले नाहीत. ते म्हणाले, “शेठ, तुम्ही एक मिन्ट ऱ्हायलात. ह्यांना जन्म काढायचाय.”

मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, अगदी छाती भरून. माझ्या सासऱ्यांच्या जागी मानावा असा माणूस, असंही वाटलं. हे लिहून ठेवते, कारण पुढं जे केलं तेही मीच केलं.

शेठनं चार दिवसांनी निरोप दिला. प्रत्येक घराला मागच्या बाजूनं ड्रम ठेवण्याएवढी गॅलरी वाढवून देतो, पण मग रस्त्याकडची पट्टी पूर्ण मला मोकळी पाहिजे. त्या पट्टीवर एकच गोष्ट होती, कौसाबाईंचं पत्र्याचं शेड. शेडमध्ये मिरची-हळद कांडायचं यंत्र. कौसाबाई लाईनीतल्याच, पदरात दोन मुली घेऊन नवऱ्याच्या मागं एकट्या राहिलेल्या. उन्हाळ्यात सगळं मस्तगड त्यांच्याकडं मिरची कांडायला आणायचं. रस्त्यावर होतं म्हणून ते यंत्र चालत होतं. आतल्या बाजूला नेलं असतं तर कोण आलं असतं?

बैठक बसली. कोणी काही बोलेना, कारण कौसाबाई समोर बसलेल्या. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, “घरं चोवीस आहेत, शेड एक आहे. एका शेडसाठी चोवीस घरं अडवून धरायची का? पुढच्या पावसाळ्यात माळवद कोणाच्या डोक्यावर पडेल ते सांगता येतं का?” लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या मनात होतं ते मी बोलले होते. कौसाबाई खाली बघत म्हणाल्या, “मी कोणाचं घर अडवणारी न्हाई,” आणि उठून गेल्या.

काका एकटे माझ्याकडं बघत होते. म्हणाले, “तू बोलली ते बराबर असंल. पण तूच का बोलली?”

मी चिडले. इतकी चिडले की माझं मलाच नवल वाटलं.

करारनामा टाइप करायचं काम शेठनं मलाच दिलं होतं. “मॅडम, तुमच्या हातचा कागद असला की तुमच्या लोकांचा विश्वास बसेल,” म्हणाला. कच्चा मसुदा घेऊन मी त्याच्या ऑफिसात दोनदा गेले होते. तिथं काय झालं ते लाईनीत कोणाला माहीत नव्हतं.

करारनामा तयार झाला. शेठनं सांगितलं, सोमवारपर्यंत चोवीसच्या चोवीस सह्या पाहिजेत, एक जरी कमी पडली तरी बोलणी बंद, मग बायपास नाहीतर कोर्ट. बुधवारपर्यंत तेवीस सह्या झाल्या. कौसाबाईंचीसुद्धा झाली. चोविसावी सही काकांची. त्यांनी कागद घेतला, दोन दिवस ठेवला, आणि सही न करता परत पाठवला. कारण विचारलं तर “बघू”.

लाईन हादरली. ज्या माणसानं उन्हात घर आखून दाखवलं तोच माणूस सगळ्यांची घरं बुडवायला निघाला होता. लगेच एक दुसरा ग्रुप झाला, काकांना वगळून. काका फुटले. काकांना शेठकडून तळमजला पाहिजे. काका शेठच्या माणसाबरोबर नगरपालिकेच्या जिन्यावर दिसले. नाही, नाही, काका दुसऱ्याच बिल्डरला मिळालेत. मी ते सगळं वाचत होते आणि मध्येच मीही लिहिलं, ‘इतकी वर्षं दुसऱ्यांवर संशय घेणारा माणूस स्वतः कसा आहे ते आता कळतंय.’ पटापट अंगठे वर आले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं, कारण लोक दुसरीकडं बघत होते.

शनिवारी दुपारी कमिटीनं मलाच त्यांच्याकडं धाडलं. ते खाटेवर बसले होते, करारनाम्याची झेरॉक्स मांडीवर. मी दारातच उभी राहून म्हटलं, “काका, तेवीस घरांच्या मुळावर का उठलात? काय पाहिजे तुम्हाला?”

त्यांनी मला बसायला सांगितलं. मग जे बोलले ते मी कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“वाटूरच्या फुडं एक गाव होतं,” ते म्हणाले. “तलावात गेलं. अकरा घरं उठणार होती, त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचं एक. कागद आल्ता दोन पानांचा. मी खात्याचा माणूस, लोक म्हणले तुम्हीच वाचा. मी पहिलं पान वाचलं. घराला घर मिळणार, बराबर होतं. तेवढ्यात साहेबांकडून जेवायचं बोलावणं आलं. मटण होतं. मी जेवायला गेलो. परत आलो आन म्हणलो, ठीक हाय, करा अंगठे.”

“मग?”

“मंग काय. दुसरं पान मी वाचलंच न्हाई. नवी जागा कुठं, ते त्या पानावर होतं. माळावर, पाण्यापासून चार कोस.”

मी म्हटलं, “बहीण भांडली असेल.”

“भांडली असती तं बरं झालं असतं. ती म्हणली, दादा, तू वाचलं म्हणून मी अंगठा दिला. बस. त्याच्यानंतर काही बोललीच न्हाई.” त्यांनी झेरॉक्सचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “लोकांना वाटतं हा म्हातारा जगावर संशय घेतो. जगाचं मला काय म्हाईत? मला माझं म्हाईत हाय. पंगतीत बसलेल्या माणसाला दुसरं पान दिसत न्हाई.”

मग त्यांनी मांडीवरची झेरॉक्स माझ्यापुढं केली. “ह्याच्यात मला काही खोट सापडली न्हाई. चार बारीनं वाचलं. पण पट्टीवर बाकी कोणी तोंड उघडायच्या आधी तू बोलायला तयार होतीस. ते मला समजून न्हाई राह्यलं. तू सांग.”

“मी काही गाळा मागायला गेले नव्हते त्याच्याकडं!” मी एकदम बोलले. “त्यानंच देतो म्हटलं.”

काका माझ्याकडं बघत राहिले. “गाळ्याचं मी कुठं म्हणलं?”

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. दुसऱ्यांदा मसुदा घेऊन गेले तेव्हा शेठनं चहा मागवला होता आणि मी प्यायले होते. तो म्हणाला होता, पुढच्या दुकानांत एक छोटा गाळा तुमच्या झेरॉक्ससाठी ठेवतो, अगदी परवडेल असा, पट्टीचं तेवढं तुमच्या लोकांना समजावून सांगा. कागदावर काही नाही, नुसता शब्द. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं. आणि घरी येताना रस्ताभर त्या गाळ्याला कुठल्या रंगाचं शटर लावायचं त्याचा विचार करत आले होते.

वाटलं, आता हे ओरडतील, लाईन गोळा करतील. पण मी रडायला लागले तर त्यांनी उठून तांब्यातलं पाणी ओतून दिलं. मग म्हणाले, “मला सांगून काय उपेग? माझं शेड जाऊन राह्यलं का?”

“मी नाही सांगू शकत काका. त्या लोकांत मला राहायचंय.”

“मंग सही मागू नको,” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

रविवारी सकाळी बैठक होती. सगळे काकांना जाब विचारायला आलेले. एकजण बाह्या सरसावूनच उभा. मी घरातून निघताना ठरवलेलं काहीच नव्हतं. पण लोक त्यांना नाही नाही ते बोलायला लागले, ‘काय खाल्लंत शेठकडं?’ असं कोणीतरी विचारलं, आणि काका खाली मान घालून ऐकून घेत बसले. एका शब्दानं त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते मात्र मला सहन झालं नाही. मी उठले आणि सगळं सांगितलं. चहा सांगितला, गाळा सांगितला, ग्रुपवर मी काय लिहिलं तेही सांगितलं.

सासूबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. नवरा उठून बाजूला जाऊन उभा राहिला. मी कौसाबाईंकडं बघितलं. वाटलं, ही आता शिव्या देईल, द्याव्यात. त्या म्हणाल्या, “गाळा केवढा हाय?”

“दहा बाय बारा,” मी म्हटलं.

“माझं यंत्र बसतंय तेवढ्यात.”

काकांनी मान वर केली. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा. “शेठला फोन लावा,” ते म्हणाले. “हिला चोरून देता येऊन राह्यला, म्हंजे त्याच्याकडं द्यायला हाय. चोरून देता येतो तं उघड बी देता येतो. करारात लिहून घ्या, कौसाबाईच्या नावानं.”

शेठ तासाभरानं आला. आधी असं काही बोलणंच झालं नाही म्हणाला. मग गैरसमज झाला म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं. मी डोळे खाली केले नाहीत, तेवढं एक माझ्या हातून झालं. चोवीस घरांची माणसं त्याच्याभोवती गोळा झालेली, आणि सह्या त्यालाही सोमवारी पाहिजेच होत्या. दोन तास घासाघीस झाली. गाळा देतो पण रस्त्याच्या तोंडावरचा नाही, कडेचा, असं म्हणाला. कौसाबाई म्हणाल्या कडेचा चालंल, मिरचीचा ठसका कडेलाच बरा. बदल्यात दुकानांसमोरची आमची गाड्या लावायची जागा सोडावी लागली. काकांना ते पटलं नव्हतं, पण ते गप्प बसले. सगळंच आपल्याला मिळालं असतं तर त्यांनी आणखी संशय घेतला असता.

करारनाम्याचं सातवं पान मी रविवारीच नव्यानं टाइप केलं. सोमवारी सगळे परत जमले. पेन फिरायला लागणार तेवढ्यात काकांनी कागदांवर हात ठेवला. म्हणाले, जुन्या तेवीस सह्या रद्द. आज सगळ्यांनी पुन्हा करायच्या, पण आधी कागद मोठ्यानं वाचला जाईल, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. कोणी जेवायला उठायचं नाही. लोक म्हणाले, काका, तुम्हीच वाचा की, तुम्ही वाचलं म्हणजे झालं. त्यांनी कागद उचलला आणि माझ्या हातात दिला.

“हिनं वाचायचा,” ते म्हणाले. “आन तुम्ही ऐकायचा. माझ्या भरोशावर बिलकुल कोणी सही करू नका. हिच्या बी न्हाई.”

मी वाचायला लागले. माझाच टाइप केलेला कागद, पण असा कधी वाचला नव्हता. लोक मध्येच थांबवत होते, हे म्हणजे काय विचारत होते. ज्यांनी गेल्या आठवड्यात डोळे मिटून सही केली होती तेच आता एकेका ओळीवर अडत होते. प्रत्येक वेळी ते माझ्या तोंडाकडं बघत, मी खरंच तिथं लिहिलंय तेच वाचतेय का म्हणून. तसं बघणं मला आजही चुकलेलं नाही. सातव्या पानावर आले. गाळा क्रमांक, लांबी, रुंदी, आणि मग कौसाबाईंचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मी त्या ओळीवर बोट ठेवून थांबले. सगळे वाट बघत होते.

कौसाबाई समोरच मांडी घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “थांबली कशाला? वाच की फुडं.”